बावीस फूट

एप्रिल उजाडला तरी बोटी जमिनीवरच होत्या,
लाकडी टेकूंवर, ताडपत्र्या पांघरून,
ताप उतरला तरी अंथरूण न सोडणाऱ्या माणसांसारख्या.
मी त्यांच्यामधून हिंडत होते,
बँकेत पैसे, चेहऱ्यावर अडाणीपणा.

एकतीस वर्षं गोथेनबर्गमध्ये ट्राम चालवली मी.
रूळ जिथे नेतील तिथे गेले,
वळायचं का, हे मला कुणी विचारलं नाही.
आता जिला रूळच नाहीत
अशी एक वस्तू विकत घ्यायची होती.

पहिली बत्तीस फुटांची.
सहाजणांची झोपायची सोय, गरम पाणी, ओव्हन.
विकणारा म्हणाला, पाहुणे आले तर?
मी मनात पाहुणे मोजले.
बहीण इंगेयेर्द, तिला कपातली कॉफी हिंदकळली तरी मळमळतं.
मुलगा टोरांटोत.
बाकीचे पलंग कुणासाठी?
धक्क्यावरचं भाडं तर फुटावर असतं,
रिकाम्या पलंगांचंही.

दुसरी देखणी. महोगनीची,
तिच्या कुशीत मला माझा चेहरा दिसला
आणि त्या चेहऱ्यावर, खरं सांगते, हाव होती.
पण तिला दर वसंतात वार्निशचे सात हात द्यावे लागतात
आणि माझे हात दोन,
त्यातला उजवा खांद्यातून दुखतो.
मी तिला एकदा कुरवाळलं आणि निघाले.

तिसरी स्वस्त. फारच स्वस्त.
मडकं घेताना वाजवून घ्यावं तशी
बोटाच्या गाठीने तिला ठोकत गेले,
नाळेपासून सुकाणूपर्यंत:
टण, टण, टण,
आणि पाण्याच्या रेषेखाली एके ठिकाणी
भद्द.
तडा गेलेलं चाक असंच बोलतं.
एवढं तरी येत होतं मला.

चौथीचा मालक आल्गोत, वय एक्क्याऐंशी.
बोटीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही,
मलाच विचारत राहिला.
नांगर एकटीने ओढशील?
वल्हवता येतं? इंजिन बंद पडतं, म्हणून विचारतो.
घाबरलीस की ओरडतेस, की गप्प होतेस?
गप्प, मी म्हटलं.
बरं. जायचंय कुठे?
समोरच्या बेटापर्यंत. मग पुढचं बघू.
त्याने बेटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाला, मग बावीस फूट पुष्कळ झाले,
आणि किल्ली हातावर ठेवली.
आज रात्री झोप हिच्यात. किंमत उद्या.

जमिनीवर उभ्या बोटीत झोपणं
म्हणजे थांबलेल्या ट्राममध्ये झोपण्यासारखंच,
तेही केलंय मी, एका हिमवादळात.
आत डिझेलचा वास, ओल्या लोकरीचा,
आणि कुणीतरी कधीतरी तळलेल्या हेरिंगचा.
अंधारात बाहेर जाऊन सुकाणूच्या दांड्याशी बसले,
हात लांबवला.
प्रत्येक दोर हाताला लागत होता.
उठावं लागलं नाही.

दोननंतर पाऊस आला, बारीक, आडवा.
कपाळावर एक थेंब.
विजेरी घेऊन त्याच्या मागे मागे गेले,
छताच्या पन्हळीतून, स्क्रूंच्या रांगेवरून,
थेट डोलकाठीच्या बुडाशी.
तिथे कॉफीचा कप ठेवला
आणि मिनिटाला किती पडतात ते मोजत बसले.
चार.
तिचं काय दुखतं ते मला कळलं होतं.
बाकीच्यांचं कधी कळलं असतं, कोण जाणे,
कदाचित भर समुद्रात.

सकाळी म्हटलं, गळते.
माहीत आहे, आल्गोत म्हणाला.
मग सांगितलं का नाहीस?
सांगितलं असतं तर तुला ते ऐकून माहीत झालं असतं.

त्याने तीस हजार मागितले. मी अठ्ठावीस दिले.
ताडपत्री मात्र त्याने ठेवून घेतली,
सायकलीला हवी म्हणाला.

क्रेन मेच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहे.
तोवर रोज संध्याकाळी जाऊन बसते,
जमिनीवरच्या बोटीत, हातात दांडा धरून,
शेजारचे हसतात, हसू देत.
काल डोलकाठीच्या बुडाशी नवं रबर भरलं.
आज रात्री पाऊस सांगितलाय.
कप तिथेच ठेवून आले आहे.